हौदाचा वास

पाहुणी येणार म्हणून रामकलीबाईंनी सकाळीच चिन्नोरचा, त्या सुवासिक तांदळाचा, डबा काढला. त्या घरात चिन्नोर निघायचा तो लग्नाला, तेरवीला, नाही तर जावयाला. आफ्रिकेतून एक बाई समुद्र ओलांडून आपल्या दारात जेवायला येते म्हणजे तिचा मान जावयापेक्षा कमी नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. रामकलीबाईंनी एकदा ठरवलं की दवनीवाड्याच्या त्या घरात चर्चा होत नसे. फार तर धाकटी जाऊ प्रेमिला मुकाट्यानं भांडी काढायला घेई.

चर्चा चालली होती ती बाहेर, ओसरीवर. तिथं रामकलीबाईंचे यजमान, थोरले जीवनलाल, खुर्चीत होते आणि त्यांचे धाकटे भाऊ भैयाजी उभे होते. भैयाजी उभे राहून बोलू लागले की समजावं, गोष्ट मिलची आहे.

"दादा, मी काई तुमच्याशी भांडून नाई राह्यलो," ते म्हणत होते. "धान आपला, मजूर आपला, वीज आपली. अन् भाव कोण ठरवते? दिल्लीनं हुकूम काढला का चावल बाहेर जाणार नाई, मिल बंद. तीन-चार वरसांनी हुकूम फिरला का मिल चालू. थाइलंडात पूर आला तं आपण खुशीत, तठी पीक चांगलं झालं तं आपण रडत. आता तं एका बाईनं आफ्रिकेत नाक मुरडलं अन् अठी आपले हौद कोरडे पडले. हा कोणता धंदा झाला?"

"मंग काय करायचं म्हणतेस?"

"गोदामवाले जागा मागून राह्यले, देऊन टाकू. त्यायचा माल राहील, आपण खाटेवर बसून किराया खाऊ."

जीवनलालांनी खुर्ची मिलच्या बाजूला वळवली. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी त्यांनी घरामागच्या आवारात ही उसन्याची मिल टाकली होती. धान हौदात दोन-तीन दिवस भिजवायचं, त्याला वाफ द्यायची, अंगणात वाळवायचं आणि मग कांडायचं, की झाला उसना, म्हणजे उकडा तांदूळ. आधी तो केरळात जायचा. गेल्या वर्षी बंदी उठली आणि त्यांचा लोकेंद्र पुण्याची नोकरी सोडून घरी आला, म्हणाला, मी याला जहाजावर चढवतो. संगणकावर बसून त्यानं आफ्रिकेतल्या कोतोनू नावाच्या बंदरातली एक व्यापारीण शोधली, नमुना धाडला, आणि उन्हाळ्यात मालाचा पहिला कंटेनर काकीनाड्याच्या बंदरातून रवाना झाला. त्या दिवशी भैयाजींनीच पेढे वाटले होते, पण आता त्याची आठवण कोण काढणार?

माल तिकडे पोचला, तपासणीत पासही झाला. तुकडा कमी, ओल बेताची, रंग चांगला. फक्त बाजारात तो कोणी घेईना. बाया पोत्यात हात घालत, मूठभर तांदूळ नाकाशी नेत आणि पुन्हा पोत्यात टाकून पुढच्या दुकानावर जात. व्यापारीण चक्रावली. पुढचा माल घ्यायचा की नाही हे ठरवायला ती स्वतःच निघाली, नागपूरला उतरली, आणि आज दुपारी येणार होती. तिनं नाही म्हटलं तर मिल गोदामवाल्यांना जाणार आणि लोकेंद्र पुण्याला. पुण्याच्या जुन्या कंपनीनं त्याला परत बोलावलं होतं, तिला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

रामकलीबाईंना मिलचं सोयरसुतक नव्हतं. खरं सांगायचं तर मिलचा त्यांना तिटकारा होता, हौदांच्या त्या आंबूस वासाचा. लग्नाकार्यात सोयरे पदर नाकाला लावून बसत, तेव्हा त्यांचा जीव अर्धा होई. पण लोकेंद्र घरात होता, त्याची बायको ओमेश्वरी माहेराहून बाळ घेऊन पुढच्या महिन्यात यायची होती, आणि आजीला नातवाचं तोंड रोज बघायचं होतं. मिल गेली की हे सगळं पुण्याला जाणार. म्हणून त्या वासासकट मिल टिकायला हवी, एवढं त्यांना स्वच्छ कळत होतं.

लोकेंद्र सैपाकघरात आला, घाम पुसत. "माय, एक गोष्ट. त्या पाण्याचं तिले सांगू नको."

"काऊन? चोरी केली का मी?"

"चोरी नाई. पण मालात गडबड केली असं तिले वाटेल. नको सांगू."

पाण्याचं म्हणजे असं. पहिला माल निघायचा होता तेव्हा रामकलीबाई म्हणाल्या होत्या, परमुलखात आपलं नाव जाते, तठी असं वास मारणारं कायले धाडता? लेकीच्या सासरी दाणा धाडतानाही आपण तो धुऊन-पाखडून धाडतो. मग मिलच्या केवलराम मिस्त्रीला हुकूम झाला. हौदाचं पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, तुरटी फिरवायची. तांदूळ निघाला तो स्वच्छ, वासाचा मागमूस नाही. जीवनलाल खूश झाले, भैयाजी म्हणाले, भाभीनं मिलची इज्जत राखली. लोकेंद्रनंही मान डोलावली होती. सगळ्या घरानं मिळून केलेलं शहाणपण होतं ते.

दुपारी गाडी आली. पाहुणी उतरली ती उंच, पन्नाशीची, निळ्या छापाच्या वस्त्रात, डोक्याला त्याच कापडाचा फेटा. नाव अफियावी. तिनं दोन्ही हात जोडले, आणि जोडले ते नीट, शिकून आल्यासारखे. रामकलीबाईंनी तिच्या पायावर पाणी घातलं तेव्हा ती संकोचली नाही, चपला काढून उभी राहिली. बाई घरंदाज आहे, असं रामकलीबाईंनी मनातल्या मनात ठरवून टाकलं.

पाटावर ताटं मांडली. लाखोळीच्या डाळीचं वरण, वांगं, वडे, आणि मध्ये चिन्नोरचा भात, तूप सोडलेला. सगळं घर घमघमत होतं. अफियावीनं भाताकडे पाहिलं, वाकून वास घेतला, आणि लोकेंद्रला इंग्रजीत काहीतरी विचारलं. लोकेंद्रचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?" जीवनलालांनी विचारलं.

"म्हणते, खूप सुंदर आहे. पण हा तुमच्या मिलचा नाई. मले विकता तो कुठं आहे?"

भैयाजी घाईघाईनं म्हणाले, "सांग, पाहुण्याले आम्ही चांगलंच वाढतो."

लोकेंद्रनं सांगितलं. ती हसली आणि पुन्हा बोलली. लोकेंद्र खाली बघत सांगू लागला, "म्हणते, तुम्ही तो खाता तरी का?"

मिल टाकल्यापासून त्या घरात उसन्याचं एक शीतही शिजलं नव्हतं. टनांनी तांदूळ मागच्या फाटकातून गेला, पण पुढच्या चुलीवर कधी चढला नाही. मालव्याहून आलेली माणसं आपण, आपल्या घरात उसना शिजत नसते, हे रामकलीबाईंचं जुनं वाक्य. ते ऐकून-ऐकून पोरंही तेच म्हणत. आणि आता ही बाई ताटासमोर हात आवरून बसली होती, रागानं नाही, नुसती वाट बघत.

रामकलीबाई उठल्या. "तिले सांग, थांब म्हणा. शिजवून आणते." सैपाकघराच्या दारात त्या वळल्या. लेकाचं ऐकायचं असं त्यांनी सकाळपासून ठरवलं होतं, पण पाटावर बसलेल्या पाहुणीशी लपवाछपवी त्यांना जमेना. "अन् हेही सांग का वास मीच काढला. पाणी बदलून, तुरटी घालून. तुमच्या मुलखात चांगलं जावं म्हून काढला."

"माय."

"सांग तू."

लोकेंद्रनं सांगितलं, तोंड कडू करून. अफियावीनं ऐकलं, एकदा रामकलीबाईंकडे पाहिलं, आणि खांदे हलेपर्यंत हसली. मग डोळे पुसून शांतपणे बराच वेळ बोलली. लोकेंद्र तुकड्या-तुकड्यानं सांगत गेला. तिची आई बाजारात पोतं उघडून बसायची. तिथल्या बाया तांदूळ टमाट्याच्या रस्शात शिजवतात, त्यात साधा तांदूळ गिचका होतो आणि उसना मोकळा राहतो. पोत्यात पिवळसर दिसणारा तांदूळ कोणताही असू शकतो, म्हणून त्या वासावर ओळखतात. वास नाही म्हणजे फसवणूक. "म्हणते, मले वाटलं तुम्ही साधा चावल पिवळा करून धाडला. म्हून पाहाले आली."

सैपाकघरात रामकलीबाईंनी मिलमधून पायलीभर उसना मागवला. तुरटी न घातलेला, नमुन्यासाठी जुन्या रीतीनं केलेला. पातेल्यात टाकला, वर दोन पेरं पाणी घातलं, आणि थांबल्या. पुढं किती वेळ लागतो? पाणी एवढंच लागतं का? चाळीस माणसांचा सैपाक एकटीनं उरकणाऱ्या बाईला भात शिजवायचा विचार पडला.

"इतक्या पाण्यात नाई होत," मागून प्रेमिला म्हणाली. "आणखी घाला. अन् आधी थोडा भिजू द्या."

"तुले काय माहीत?"

प्रेमिलानं पातेलं ओढून घेतलं, तांदूळ एकदाच धुतला, पाणी घातलं. मग भेदरं घेतली, टमाट्याला त्या भागात भेदरंच म्हणत, आणि निखाऱ्यावर भाजायला ठेवली. तिचे हात भराभर चालत होते. या सैपाकघरात रामकलीबाईंनी तिला असं भराभर कधी पाहिलं नव्हतं. एरवी ती विचारून मीठ घालायची.

पाण्याला उकळी आली आणि वास सुटला. रामकलीबाईंनी सवयीनं पदर नाकाशी नेला. प्रेमिला मात्र पातेल्यावर वाकली आणि तिनं खोल श्वास घेतला.

"माझ्या मायच्या घरी हाच शिजे," ती म्हणाली. "डोंगरगडाकडं आमची वावरं. तठी सप्पेच खाऊन राह्यले. भाजलेल्या भेदरांची चटणी अन् उसना. थंडीत सकाळी पेज."

"कधी बोलली नाईस तू."

"कशी बोलू, बाई? माझं लगन झालं तेव्हा मायनं संग एक पोतं देलतं. घरचं, हातानं उकडलेलं. तुम्ही पोतं उघडलं, नाक दाबलं अन् म्हटलं, हे ढोराले घालून द्या." प्रेमिलानं भेदरं उलटली. "घातलं बी. मी गोठ्याच्या दारात उभी राहून पाहात होती."

रामकलीबाईंना आठवेना. म्हणजे पोतं आठवलं, निळ्या काठाच्या फडक्यात बांधलेलं, आणि तोंडून गेलं असेल काहीतरी, नव्या जावेला घराची रीत कळावी म्हणून. त्यांना ते एका दिवसापुरतं वाटलं होतं. समोर उभ्या असलेल्या बाईनं ते इतकी वर्षं सांभाळलं होतं, रोज त्यांच्याच हाताखाली वरण घोटत.

"मायले सांगतलंस?"

"मायनं विचारलं, आवडला का घरच्यायले. म्हटलं, आवडला." प्रेमिला पातेल्याकडेच बघत होती. "मंग ते दरसाल धाडाले लागली. मी रस्त्यातच बहिणीच्या घरी उतरवून देई."

रामकलीबाई खालीच बसल्या, भिंतीला टेकून. त्यांना फार लाज वाटली. इतकी की त्यांनी नाकावरचा पदर काढून मांडीवर ठेवला आणि तो वास तसाच येऊ दिला.

भात झाला. दाणा टपोरा, मोकळा, किंचित पिवळसर. प्रेमिलानं भेदरांची चटणी केली आणि ताट रामकलीबाईंच्या हातात दिलं, वाढायला. रामकलीबाईंनी ते परत तिच्या हातात ठेवलं. "तू वाढ. तुझा सैपाक होय."

अफियावीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घास चटणीत कालवला. मग ती थांबलीच नाही. भैयाजी तोंड उघडं टाकून बघत होते, कारण पाहुणी खात होती ते त्यांच्या बायकोच्या हातचं होतं. जेवण आटोपल्यावर अफियावीनं हात धुतले आणि कामाचं बोलायला सुरुवात केली.

"हाच," लोकेंद्र तिचं बोलणं सांगू लागला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला होता. "म्हणते, हाच माल पायजे. दर महिन्याला. पण दरवेळी वास असाच, कमी नाई, जास्त नाई. जास्त भिजला तं सडका लागते, तोही चालत नाई. थंडीत वेगळं भिजवा लागते, उन्हाळ्यात वेगळं. म्हणते, मशिनीवर नाई मोजता येत. तुमच्याकडं हे कोण पाहील?"

जीवनलालांनी दारात उभ्या केवलरामकडे पाहिलं. केवलरामनं मान हलवली. "मालक, मी खोटं नाई बोलत. हौदापाशी राहून-राहून मले आता वासच येत नाई. पोरायले बी नाई येत. कालचं अन् परवाचं पाणी आम्हाले एकच."

"मले येत नाई," जीवनलाल म्हणाले. "लोकेंद्र, तुले?"

"मले सप्पा एकसारखाच वाटते, बाबूजी."

भैयाजींनी घसा साफ केला. "तं मंग झालं. असं नाकावर चालणारं काम आपलं नाई. दादा, तिले हात जोडून सांगा, अन् गोदामवाल्यायले फोन लावा. काऊन वो प्रेमिला, खरं का नाई?"

ते नेहमी असंच विचारत आणि प्रेमिला नेहमी मान डोलवी. गोदामाला हो म्हणतानाही तिनं ती अशीच डोलवली होती, सगळ्यांसमोर. आता ती ओसरीच्या उंबऱ्यावर उभी होती, ओले हात पदराला पुसत, आणि तिनं काहीच केलं नाही.

रामकलीबाईंना कळलं, की आपण एक शब्द बोललो तर ही बोलेल. आणि हेही कळलं की आपण काही मागायच्या लायकीच्या नाही. लेक जाणार, नातू जाणार, आणि ते राखणं ज्या बाईच्या हातात होतं तिचं पोतं त्यांनी ढोरांना घातलं होतं. ही नाही म्हणाली तर कुठल्या तोंडानं रागवायचं?

"प्रेमिला," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी तुझ्या मायचं पोतं ढोराले घातलं. ते माझं चुकलं. आता मिलचं तुले जे वाटते ते बोल. मी म्हणते म्हून नाई, अन् भैयाजी म्हणते म्हूनही नाई."

रामकलीबाईंच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द जीवनलालांनीही कधी ऐकला नव्हता. भैयाजी एकदा भाभीकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले. कुठलं पोतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

प्रेमिला नवऱ्याकडे वळून म्हणाली, "गोदाम नको. हौद मी पाहीन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मले तो वास लहानपणापासून समजते."

"तू मिलमध्ये जाशील?" भैयाजी म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या. खाटेवर बसून किराया खाणाऱ्यायलेही लोकं म्हणतेच."

जीवनलाल खुदकन हसले आणि खोकल्यात हसू दडवलं. भैयाजी रिकाम्या खुर्चीत बसले. मिलच्या गोष्टीत ते आज पहिल्यांदाच बसले. लोकेंद्रनं पाहुणीला सगळं सांगितलं, पोत्यासकट. अफियावी उठली, प्रेमिलाजवळ गेली आणि तिचा हात हातात घेऊन स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाली. लोकेंद्रला ती भाषा येत नव्हती, आणि कोणी अर्थ विचारलाही नाही.

"पण एक गोष्ट," प्रेमिला म्हणाली. "घरात तो शिजला पायजे. आपण नाई खाल्ला तं मी कोणाच्या भरवशावर सांगू, आज जमला का नाई ते? माझ्या एकटीच्या जिभेवर नाई होत."

"शिजेल," जीवनलाल म्हणाले.

गाडी पाहुणीला घेऊन गोंदियाकडे गेली तेव्हा उन्हं कलली होती. पुरुष मंडळी हौदाकडे गेली. सैपाकघरात दोघी जावा उरल्या, त्यांची जेवणं व्हायची होती. चिन्नोर भांडंभर पडला होता, तुपानं चमकत. पातेल्यात उसना उरला होता, तळाशी, गार झालेला.

रामकलीबाईंनी ताट घेतलं आणि पातेल्यासमोर धरलं.

"राहू द्या, बाई," प्रेमिला म्हणाली. "आज चिन्नोर खा. उद्यापासून पाहू."

"वाढ."

प्रेमिलानं थोडा वाढला. रामकलीबाईंनी ताट मागं घेतलं नाही, तेव्हा आणखी वाढला. त्यांनी चटणी कालवली, घास तोंडात घातला आणि चावत राहिल्या. घशाखाली उतरायला वेळ लागला. प्रेमिला समोर बसून बघत होती.

"कसा लागते?"

"वास येते," रामकलीबाई खरं तेच म्हणाल्या. "मले नाई आवडला."

आणि त्यांनी शेवटच्या शितापर्यंत ताट निपटून खाल्लं.